साहेबांचं पत्र मिळणेबाबत

प्रति,
मा. आमदारसाहेब (माजी नगरसेवक, माजी पाणीपुरवठा सभापती, माजी नगराध्यक्ष)

विषय : स्मशानभूमीत एक दिवा लावून मिळणेबाबत.

महोदय,

परवा रात्री गल्लीतल्या एका आजोबांना आम्ही मोबाइलच्या उजेडात अग्नी दिला. शेडमधला दिवा बंद आहे. तसा अगदीच अंधार नव्हता म्हणा, कारण बाहेर 'आमदार स्थानिक विकास निधीतून' या फलकावर वेगळा हॅलोजन आहे. त्याच्या लख्ख प्रकाशात तुम्ही हात जोडून हसत होता.

सकाळी पालिकेत अर्ज घेऊन गेलो. विद्युत विभागातला माणूस सज्जन. आवाज खाली आणून म्हणाला, ''साहेबांचं पत्र जोडा, आजच काम होईल.'' एका दिव्याला आमदाराचं पत्र!

साहेब, याच पालिकेच्या सभागृहात तुम्ही रिकामी घागर आपटली होती. आमदारानं पालिकेत लुडबुड करू नये म्हणून तुम्ही भांडलात आणि आम्ही गॅलरीतून टाळ्या पिटल्या. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. आबा जिल्हा परिषदेतून आले. आता आमचाही माणूस मुंबईला चालला, म्हणून गुलाल उधळला. तुम्ही गेलात आणि जाताना पालिकाच बरोबर घेऊन गेलात.

मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं ७४वी घटनादुरुस्ती १९९३पासून सांगते आहे. इथे २०२२च्या आसपास राज्यभरातल्या पालिकांवर प्रशासक बसले ते बसलेच. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख. अखेर ६ मे २०२५ला निवडणुका घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं. एवढ्या वर्षांत सभागृहात तुमचा एक तारांकित प्रश्न नाही, एक लक्षवेधी नाही. असेल कशाला? नगरसेवक नाही, नगराध्यक्ष नाही. गावात कार्यसम्राट काय ते तुम्ही एकटे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकेचे १८ विषय आहेत. त्यात रस्ते आहेत, पाणी आहे, स्मशानसुद्धा आहे. तुम्ही मढ्याच्या डोक्यावरचं छप्परही स्वतःच्या नावावर केलंत. लाज कशी वाटली नाही हो?

कमानी आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल लिहीत नाही. कागद पुरायचा नाही.

पण मध्यंतरी एका लग्नात तुम्हाला जवळून पाहिलं. अक्षता टाकेपर्यंत तिघांनी तुमच्या खिशात चिठ्ठ्या कोंबल्या : एकीत बदली, एकीत पोराची अ‍ॅडमिशन, एकीत नळ. डोळे तारवटलेले, त्या दिवशीची अजून बरीच लग्नं बाकी. जेवायला बसलात तर चौथा ताटाशी येऊन तुंबलेलं गटार सांगू लागला आणि तुम्ही घास तसाच हातात धरून ऐकत राहिलात. विधेयकावर काय बोललात, हे त्या मांडवात कुणी विचारणार नव्हतं. खरंच वाईट वाटलं. गटाराचं त्या माणसानं नगरसेवकाला सांगितलं असतं. पण तेव्हा नगरसेवक होता कुठे?

तरी कृपया पत्र द्यावे.

आपला,
एक मतदार

ता. क. : डिसेंबरात निवडणूक झाली, म्हणून आधी रीतसर नव्या नगराध्यक्षांकडे, म्हणजे तुमच्या पुतण्याकडेच गेलो होतो. पोरगं आदबशीर आहे. खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणालं, ''काकांचं पत्र तेवढं आणा.''