तेवीस म्हणजे तीस

अमेरिकी संसदेत १९९९ पासून ‘फेअरटॅक्स’ नावाचं विधेयक पुन्हा पुन्हा येतं. प्राप्तिकर रद्द, प्राप्तिकर खातं बरखास्त, आणि देशभर एकच विक्रीकर: २३ टक्के. मग शंभर डॉलरच्या वस्तूवर कर किती? तीस डॉलर! कारण तीस हे एकशे तीसचे तेवीस टक्के होतात. घडणावळ अशी सांगायला आपला सराफही लाजेल.

पण महागाई होणार नाही म्हणे. आजच्या किमतींत जुने कर दडलेले आहेत. ते गेले की भाव उतरतील आणि नवा कर त्या खड्ड्यात बेमालूम बसेल. शिवाय कामगाराला अख्खा पगार हातात! आता त्या दडलेल्या करांतला मोठा हिस्सा कामगाराच्याच पगारातून कापला जातो. तो त्याच्या खिशात गेला, तर मालक भाव उतरवणार कशातून? मालकाने ठेवून घेतला, तर अख्खा पगार कुठला? एकच डॉलर दोघांना कबूल करायचा, हे मात्र निवडणुकीच्या शास्त्रात बसतं.

गरिबांची काळजीही आहे. प्रत्येक कुटुंबाला दरमहा सरकारी चेक मिळेल. तो वाटायला अर्थातच खातं लागेल.