वाकड्यात शिरताना

मॉनिटरच्या खोक्यावर '१५००आर' असं छापलेलं असतं. हा आर म्हणजे त्रिज्या, आणि आकडा मिलिमीटरमध्ये. पडद्याचा बाक ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्या वर्तुळाची त्रिज्या दीड मीटर, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत भूमितीच्या तासाला 'याचा पुढे काय उपयोग?' म्हणून ज्याला नाक मुरडलं ते असं पन्नाशीनंतर, क्रेडिट कार्ड हातात असताना, गाठतं.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ३४ इंची अल्ट्रावाइड पडदा रुंदीला साधारण ८० सेंटीमीटर. वर्तुळाचा परीघ साडेनऊ मीटरच्या किंचित आत. म्हणजे असे बारा मॉनिटर कडेला कड लावून उभे केले की वर्तुळ पुरं होतं आणि मधोमध, सगळ्या पडद्यांपासून सारख्या अंतरावर, बारा मॉनिटर घेण्याची ऐपत असलेला तो भाग्यवान गृहस्थ बसतो. आमची ऐपत एकाची आणि टेबल दोन फुटी. म्हणजे मी त्या केंद्रापासून जवळजवळ तीन फूट पुढे सरकून बसणार. मग बाकाचा फायदा तो किती? तेही काढलं. पडद्याच्या कडा मधल्या भागापेक्षा ५ सेंटीमीटर पुढे येतात. एवढ्या पाच सेंटीमीटरसाठी दुकानदार 'इमर्शन' हा शब्द ज्या भक्तिभावाने उच्चारतात, तो ऐकून मला उगाच पायांतल्या चपला काढाव्याशा वाटल्या.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"मूल्यमापन."

"कशाचं?"

"मॉनिटरचं. खेळायला."

ती पुढे काही बोलली नाही. ती आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. खर्चाच्या बाबतीत गप्प राहून समोरच्याला बोलतं करण्याची कला तिने थकबाकीदारांवर घासूनपुसून घेतली आहे.

खेळ कोणता, हे सांगायला हवं. 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२ साली काढलेला. यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत, जग वाचवायचं नाही. रॉटरडॅमहून माल भरायचा आणि वेगमर्यादा पाळत दूरच्या गावी पोचवायचा, बस. सिग्नल तोडला तर दंड होतो. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला यातला कल्पनाविलास चटकन कळतो. प्रत्यक्षात माझ्याकडे चारचाकी नाही. पण रात्री साडेदहानंतर मी चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेत गोदामाला लावतो. साध्या सोळा बाय नऊच्या पडद्यावर एका वेळी ट्रकचा एकच आरसा नीट दिसतो, दुसऱ्यासाठी मान वळवायचं बटण दाबावं लागतं. दोन्ही आरसे एकदम दिसावेत, एवढीच माझी मागणी होती. माणसं याहून क्षुल्लक कारणांसाठी बंगले बांधतात.

बाजारात पडदा तिरका मोजतात, ही यातली खरी मेख. ३४ इंच म्हटलं की ३२ इंचीपेक्षा मोठा असणार असं कुणालाही वाटेल. नाही. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच, ३३ सेंटीमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर तो ३२ इंची साध्या मॉनिटरपेक्षा चक्क लहान भरतो. गंमत म्हणजे ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता आणि त्याच्या आतल्याला १८. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळे १८ वर आले. तोवर मात्र क्षेत्रफळाने धाकटा आणि कराने थोरला असा हा जिन्नस बाजारात सुखाने नांदत होता. अल्ट्रावाइडचं 'एकवीस बाय नऊ' हे मापही बोलायचंच नाव. पडद्यावरच्या आडव्या ३४४० ठिपक्यांना उभ्या १४४० ने भागून पाहिलं तर गुणोत्तर साडेएकवीस बाय नऊ येतं. जाहिरातीत सांगितल्यापेक्षा ग्राहकाला अर्धा का होईना जास्त दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं डोक्यात भरून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनात उतरून चालत गेलं की केबल, कीबोर्ड, सीसीटीव्ही आणि 'क्या चाहिये साब' यांची ती दुतर्फा गर्दी सुरू होते. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर तुम्हाला वायर महाग मिळते. एका दुकानात मी माझी चाचण्यांची यादी काढली. दुकानदाराने ती पाहिली, मग मला पाहिलं.

"साहेब, एक बार कर्व्ह पे बैठोगे ना, तो फ्लॅट पे वापस नहीं आओगे."

"कुठे बसू? लावून दाखवा ना."

"डेमो पीस नहीं है. बॉक्स है."

म्हणजे मूल्यमापन खोक्याचं करायचं होतं. खोकं बोलकं होतं. '१ एमएस' म्हणत होतं. हा एक मिलिसेकंद पुष्कळदा मागचा दिवा उघडझाप करून मोजलेला असतो. ठिपक्याला काळ्यातून करड्यात यायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते खोकं बोलत नाही. 'एचडीआर ४००' म्हणत होतं. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक दाखवण्याची ताकद, आणि तिच्या प्रमाणपत्रांच्या शिडीची ही पहिली पायरी. तिच्यावर चढायला पडद्याला जागोजागचा उजेड वेगळा मंद करता यायलाच हवा असंही नाही. आणि '१४४ हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं. यावर मी जरा हुशारी दाखवून विचारलं, "सोबत डिस्प्लेपोर्टची केबल आहे ना? एचडीएमआय २.० वर हे रिझोल्यूशन शंभरच्या पुढे जात नाही."

दुकानदार एकदम गंभीर झाला आणि त्याने पाचशे रुपये कमी केले. ज्ञान म्हणजे शक्ती वगैरे म्हणतात ते लॅमिंग्टन रोडवर पाचशे रुपयांपर्यंत खरं आहे.

त्या खोक्यानिशी दादरला गाडी बदलून डोंबिवली गाठणं हा एक स्वतंत्र प्रकार होता. मी मालडब्यात चढलो. तिथे रिकाम्या टोपल्यांवर बसलेल्या मावशींनी पाय आखडून जागा करून दिली आणि विचारलं, "टीव्ही काय रे?"

"मॉनिटर आहे, मावशी. कॉम्प्युटरचा."

"एवढा लांब?"

"हो. आणि वाकडा आहे."

मावशींच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव दाटून आली. "मग बिल ठेवलंस ना? बदलून देतील."

घरी आल्यावर पहिली चाचणी टेबलाची झाली आणि टेबल नापास झालं. वाकड्या पडद्याचे पाय पुढेमागे चांगले फाकलेले असतात. ते ठेवल्यावर कीबोर्डला उरली ती जागा कीबोर्डाने मान्य केली नाही. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, तर कपाटाचं दार उघडेना.

दुसरी चाचणी अंधाराची. खोली काळोखी करायची, पडदा पूर्ण काळा करायचा आणि कोपऱ्यांतून मागचा उजेड कुठे झिरपतोय का ते न्याहाळायचं. मी सगळे दिवे घालवले, पडदे ओढले आणि नाक पडद्याला लावून बसलो.

"लाईट गेली का रे?" आतून आईचा आवाज.

"नाही आई. मी अंधार बघतोय."

बराच वेळ आत शांतता होती. मग ती बायकोला काहीतरी हळूच विचारताना ऐकू आलं.

अंधार बरा निघाला. डावीकडे खालच्या कोपऱ्यात चिमूटभर उजेड गळत होता, पण पटलाची जात व्हीए, तिचा काळा रंग चांगला. आयपीएस या दुसऱ्या जातीचा काँट्रास्ट साधारण हजारास एक, हिचा तीन हजारांच्या आसपास. त्याची किंमत ती दुसरीकडे वसूल करते. काळ्यातून बाहेर यायला या ठिपक्यांना आळस. रात्रीच्या महामार्गावर ट्रक पळवला की कडेच्या झाडांमागे काळपट ओघळ येतात, नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून हात फिरावा तसे. खोक्यावरचा एक मिलिसेकंद इथे कुठे दिसला नाही.

भाचा ठाण्याहून खास परीक्षक म्हणून आला. तो 'व्हॅलोरंट' खेळतो. त्यात तुमचा पडदा कितीही रुंद असो, आडवी नजर सगळ्यांना सारखीच, १०३ अंशांची. पैसेवाल्याला कोपऱ्यातला शत्रू आधी दिसू नये म्हणून ही व्यवस्था. मला ती फारच समाजवादी वाटली, भाच्याला नैसर्गिक.

"मामा, प्रो लोक चोवीस इंचीवर खेळतात. काउंटर-स्ट्राइकवाले कित्येक जण तर अजून चार बाय तीनचं चित्र ताणून लावतात."

"का?"

"समोरचा जाड दिसतो. मारायला सोपा."

म्हणजे मी ८० सेंटीमीटर रुंदीला पैसे मोजले आणि जे यावर पोट भरतात ते १९९९ सालच्या आकाराच्या चित्रावर खूश आहेत. त्याने मग 'एल्डन रिंग' लावून दाखवला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे साधा सोळा बाय नऊचा खेळ. २०२२ सालचा एवढा गाजलेला खेळ, पण अल्ट्रावाइड त्याच्या गावीच नाही. प्लेस्टेशन जोडायचा विचारही नको, तोसुद्धा सोळा बाय नऊच पाठवतो. जाता जाता भाच्याने सेटिंग उघडून पाहिलं. विंडोजने पडदा ६० हर्ट्झवर ठेवला होता. आमच्या ऑफिसातले एकजण गेलं वर्षभर '१४४ हर्ट्झचा फरक डोळ्यांना कळतोच हो' असं सांगत असतात. त्यांना मी दुसऱ्या दिवशी सहज म्हणून सेटिंग बघायला सांगितलं. तेव्हापासून ते जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात.

१४४ वर टाकल्यावर ग्राफिक्स कार्डाने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. जुन्या फुल एचडी पडद्यावर एका चित्रात पावणेएकवीस लाख ठिपके होते, इथे साडेएकोणपन्नास लाख. ते सेकंदाला १४४ वेळा रंगवायचे म्हणजे एकाहत्तर कोटी ठिपके. माझं कार्ड बिचारं चाळीस-पंचेचाळीस चित्रांवर धापा टाकत राहिलं. नवं कार्ड घ्यायचं तर वीज पुरवणारा एसएमपीएस बदला, एसएमपीएस बदलायचा तर कॅबिनेट बघा. इथे मी हात आखडला आणि झाडांच्या सावल्या 'लो'वर नेल्या. तसाही त्यांचा ओघळच दिसत होता.

आईला हा पडदा दाखवायचा म्हणून मी 'कागज़ के फूल' लावला. १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. हा पडदा मुळात त्याच मापाचा, तेव्हा काठोकाठ भरेल असा माझा हिशेब. पण मला मिळालेल्या प्रतीत वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या आधीच चित्रात भाजलेल्या. डाव्या-उजव्या पट्ट्या माझ्या पडद्याने घातल्या. चारही बाजूंनी जाड काळी चौकट आणि मधे गुरुदत्त.

आई म्हणाली, "त्याला जाऊन साठ वर्षं होऊन गेली रे. अजून चौकट कशाला?"

उरला माझा ट्रक. आणि इथे, खोटं कशाला बोलू, मी विरघळलो. कॅलेहून बोटीने डोव्हरला उतरलो, पाऊस पडत होता, वायपर चालू होते आणि डावा आरसा, उजवा आरसा दोन्ही एकाच वेळी माझ्या समोर. कडेने जाणाऱ्या गाड्या ताणून लांबोड्या दिसतात हे खरं. सपाट गणिताने एवढं रुंद चित्र काढलं की कडेच्या वस्तू ओढल्या जातातच, पडदा वाकवून ते सुटत नाही. एक साधी हॅचबॅक शेजारून गेली ती लग्नाच्या वरातीत शोभेल एवढ्या लांबीची. पण ट्रेलरचं मागचं चाक पांढऱ्या रेषेला कुठे घासतंय ते मला मान न वळवता दिसलं. म्हणजे तत्त्वतः. प्रत्यक्षात माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्याच्या काचेत स्पष्ट दिसण्याची पट्टी मधोमध. नजर कडेला नेली की धूसर. त्यामुळे 'डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा' ही अल्ट्रावाइडची सगळी मातब्बरी माझ्या बाबतीत 'मान फिरवा' इथे येऊन थांबते. चष्मेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, चांगला व्यायाम आहे."

या सगळ्यात बायकोने एकदाही पडद्याला हात लावला नव्हता. मार्चअखेर आली आणि तिने सोसायटीच्या ताळेबंदाची एक्सेल फाइल त्यावर उघडली. बारा महिने, सिंकिंग फंड, पार्किंग, व्याज, शेरा, सगळे रकाने न सरकवता एका नजरेत. ती काही क्षण नुसती बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "हे चांगलं आहे. ओळी जरा वाकतात, पण दोनशे चारने जूनपासून भरलेले नाहीत, ते सरळ दिसतंय."

आता मॉनिटरमध्ये एक सोय आहे, दोन यंत्रं शेजारी शेजारी लावण्याची. डावीकडे तिचा लॅपटॉप, उजवीकडे माझा ट्रक. प्रत्येकाला १७२० बाय १४४०. हा भागाकारही मी केला. चित्र जवळजवळ चौकोनी होतं, आमच्या जुन्या पोटवाल्या मॉनिटरपेक्षाही चौकोनी. तिचा अर्धा शेवटच्या रकान्यापर्यंत ऐसपैस. माझ्या अर्ध्यात स्टिअरिंग, पाऊस आणि अर्धा आरसा. तरी मी तक्रार करत नाही. पडद्यामागे हाताने चाचपून सापडणारं एक बटण आहे, त्यातल्या मेन्यूत डाव्या बाजूला दोन तृतीयांश पडदा देण्याचाही पर्याय आहे, आणि तो तिला अजून सापडलेला नाही.