विषय: वाघ्या घेवड्याची आमटी करण्याबाबत

ज्याअर्थी सातारा जिल्ह्यातल्या असंख्य घरांत घेवड्याची आमटी वर्षानुवर्षे रटरटत आली आहे, आणि ज्याअर्थी ती कशी करायची हे कोणीही कागदावर लिहून ठेवलेले नाही, आणि ज्याअर्थी थोरल्या सुनेने लिहून ठेवले असते तरी धाकटीने ते मानले नसते, त्याअर्थी पुढील नियमावली प्रसृत करण्यात येत आहे. बदलीच्या गावी एकटे राहणारे चिरंजीव, पुण्या-मुंबईत संसार थाटलेल्या लेकी आणि परदेशी खोलीत इंडक्शनवर नशीब आजमावणारी नातवंडे या सर्वांना ती सारखीच लागू राहील.

१. कच्चा माल

घेवडा वाघ्याच हवा. कोरेगाव तालुक्यात खरिपाला येतो, निचऱ्याच्या जमिनीत चांगला पिकतो आणि फिकट दाण्यावर पट्टे मिरवतो, तो हा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांना दिल्यास "मग आम्ही इतकी वर्षं काय सांगत होतो?" एवढेच उत्तर येईल. ते मुकाट्याने ऐकून घ्यावे.

दाणे शिजले की पट्टे विरतात. म्हणजे वाडग्यात वाघ आहे की बाजारचा राजमा, हे सिद्ध करणारा पुरावा उरत नाही. सबब पाहुण्यांना दाणे कच्चे असतानाच दाखवून घ्यावेत.

घेवडा शक्यतो यंदाचा असावा. उष्ण, दमट जागी बरेच दिवस पडून राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. अडचण अशी की, आत्याने गावाहून आणलेली पिशवी कधीची आहे, हे आत्याला विचारता येत नाही. ते दाण्यांनाच विचारावे लागते आणि त्यांचे उत्तर जेवणाच्या वेळेस मिळते.

ही आमटी "आपल्या घराण्यात पूर्वापार" चालत आली आहे, असे जेवताना किमान एकदा म्हणावे. घेवडा, मिरची आणि शेंगदाणा हे तिन्ही पाचशे-सव्वापाचशे वर्षांपूर्वी अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत होते, ही बाब खरी असली तरी पंगतीत काढू नये. पूर्वापार म्हणजे आज्जीच्या सासूपासून. त्याच्या मागचा काळ इतिहास संशोधकांकडे सोपवलेला आहे.

२. भिजवणे

पाच-सहा माणसांना दीड वाटी घेवडा पुरे. निवडून, धुऊन तो रात्री भरपूर पाण्यात घालावा. "भिजत घातलास का?" असा फोन आईकडून रात्री दहाच्या सुमारास येईल. घातला नसल्यास "हो" म्हणून लगेच उठावे.

सकाळी ते पाणी ओतून द्यावे. घेवड्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. आपल्या लहान आतड्याला त्या पचत नाहीत. मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि त्याची वर्दी सगळ्या खोलीला मिळते. भिजवलेल्या पाण्याबरोबर त्यातला काही भाग निघून जातो. घरातला एक गट "सगळं सत्त्व गेलं" म्हणून हळहळेल. त्या गटाच्या समाधानासाठी ते पाणी कुंड्यांना घालावे. कुंड्यांना वात होत नाही.

भिजवताना मीठ घालावे की नाही, हा वाद जुना आहे. मीठ आधी पडले की दाणे शिजत नाहीत, असे आज्जीचे मत. प्रत्यक्षात भिजवणाच्या पाण्यातले मीठ सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते आणि साल मऊच पडते. या प्रश्नावर दोन्ही पक्षांना न्याय देणारा तोडगा असा: मीठ घालावे, आणि त्याबाबत आज्जीशी बोलू नये.

३. शिजवणे

हे कलम विनोदाने घेऊ नये. कच्च्या घेवड्यात एक विषारी लेक्टिन असते. अर्धवट शिजलेले थोडे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. त्यावर उपाय एकच, भिजवलेले दाणे नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळणे. मंद आचेवर दिवसभर शिजवणारे विजेचे भांडे परदेशातल्या नातवाने घेतले असल्यास त्यात कच्चा घेवडा टाकण्यापासून त्याला परावृत्त करावे. ऐंशी अंशांच्या आतबाहेर रेंगाळलेला घेवडा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. "सगळं कसं खळाखळा उकळायला पाहिजे," असे आज्जी म्हणते, ते रसायनशास्त्र न शिकता शंभर टक्के बरोबर आहे.

त्यानंतर कुकर. शिट्ट्या मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. दोघांनी मोजल्यास एकाच्या चार आणि दुसऱ्याच्या सहा होतात. मग तिसरा येऊन, काही न मोजता, गॅस बंद करतो.

आंबट काही या टप्प्यावर घालू नये. चिंच, आमसूल, टोमॅटो यांनी दाण्याची साल चिवट होते आणि मग शिट्ट्यांचा उपयोग होत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होते. अशा वेळी शेजारच्या काकू चिमूटभर सोडा सुचवतील. सोड्याने दाणा लवकर शिजतो, हे खरे. पण त्यातले बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवीला साबणाची झाक येते. काकूंचे आभार मानावेत व पिण्याचे पाणी वापरावे.

इतके करूनही एखादा दाणा खडा तो खडाच राहतो. त्याला गणंग म्हणतात. तो नेमका घरातल्या सगळ्यात चिकित्सक माणसाच्या दाताखाली जातो. यावर आजवर उपाय सापडलेला नाही.

४. वाटण

दोन कांदे थेट विस्तवावर, वरचे साल काळे पडेपर्यंत भाजावेत. अर्धी वाटी सुके खोबरे, आठ-दहा लसूणपाकळ्या, इंचभर आले आणि मूठभर कोथिंबीर. खोबरे तांबूस भाजावे. करपले तर आमटी कडू होते आणि दोष मसाल्यावर जातो.

वाटण पाट्यावरचेच खरे, असे सांगणारा प्रत्येक जण पाटा उचलायच्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो. मिक्सर लावावा. त्याच्या आवाजात पाट्याची थोरवी ऐकू येत नाही.

कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला, घरचाच हवा. घरचा म्हणजे कोणाच्या घरचा, हा प्रश्न विवाहित पुरुषाने उपस्थित करू नये. फ्रिजमध्ये आईच्या आणि सासूबाईंच्या अशा दोन बरण्या असल्यास दोन्हींतून एकेक चमचा घ्यावा आणि "कुठला मसाला घातलास?" या प्रश्नाला "आपला" असे उत्तर द्यावे.

५. फोडणी व दूरध्वनी

तेल सढळ हाताने घ्यावे. तापल्यावर आच कमी करून मसाला घालावा. तो काही क्षणांत करपतो, त्यामुळे लगेच वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे. नेमक्या याच वेळी घरी फोन करण्याची प्रथा आहे.

"आई, मसाला किती घालू?"

"लागंल तेवढा."

"लागंल म्हणजे किती?"

"किती माणसं हायत जेवायला?"

संपूर्ण पाककृती या शेवटच्या प्रश्नात आहे. आई चमच्यांत मोजत नाही, माणसांत मोजते. शिवाय तिच्या हिशेबात सगळी माणसे सारखी नसतात. मामा आला तर दीड माणूस, पथ्यावर असलेले आजोबा अर्धे, परीक्षा असलेली पोरगी पाव. चुलत्यांना तिखट चालत नाही. पण ते वरचा कट मागून घेतात, म्हणून त्यांचे तिखट धरायचे आणि तेलही. दीड वाटी आणि दोन चमचे हे आकडे या नियमावलीत केवळ नवशिक्यांची भीड चेपावी म्हणून दिलेले आहेत. आपल्या पंगतीत कोण कसे जेवते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याची आमटी आकडे पाळूनही चुकते.

मग शिजलेला घेवडा पाण्यासकट घालावा. मूठभर दाणे पळीने ठेचून सोडावेत, म्हणजे रस्सा दाट होतो. दोन चमचे शेंगदाण्याचे कूट, चवीपुरते मीठ आणि कढत पाणी. गार पाणी घालू नये, उकळी मोडते. तर्री वर येईपर्यंत मंद आचेवर ठेवावे.

६. उपसूचना

पुण्याची वहिनी गुळाचा खडा सुचवेल. कोकणातली मावशी ओला नारळ आणि आमसूल मागेल. कोल्हापूरकर मेहुणे काही सुचवणार नाहीत, स्वतःच उठून तिखट घालतील. सर्व उपसूचना नोंदवून घ्याव्यात व फेटाळाव्यात. फक्त आमसुलाचा विचार दाणे मऊ झाल्यानंतर करता येईल.

या बाबतीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जोसेफ कॅनन यांचा दाखला घेण्यासारखा आहे. १९०४ मध्ये त्यांना तिथल्या उपाहारगृहाच्या यादीत घेवड्याचे सूप दिसले नाही, तेव्हा ते यापुढे रोज मिळालेच पाहिजे असे त्यांनी फर्मावले, असे सांगतात. आपल्याकडे त्यासाठी अध्यक्ष लागत नाही. आजोबा ताटाकडे बघून "आज आमटी नाही वाटतं?" एवढे विचारतात आणि सभागृह कामाला लागते.

७. आयत्या वेळचे पाहुणे

आमटी तयार झाल्यावर दारात तीन माणसे वाढणे ही आपत्ती नसून नियम आहे. पातेले पुन्हा आचेवर ठेवावे, कढत पाणी वाढवावे, त्या प्रमाणात मीठ आणि थोड्या तेलात परतलेला मसाला वाढवावा, आणखी मूठभर दाणे ठेचावेत व एक उकळी काढावी. नुसते पाणी वाढवणाऱ्यास घरातली मंडळी पुढची दहा वर्षे पंगतीत नावाने ओळखतात. पाहुण्यांना आधी वाढावे आणि तळाचे दाणे त्यांच्या वाडग्यात जातील असे पाहावे. घरच्यांनी रश्श्यावर भागवून "आम्हाला पातळच आवडते" असे एकमुखाने सांगावे.

८. वाढप

सोबत ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले. तेव्हा एका ताटात दोन मानकरी बसवण्याचा मान यजमानास घेता येईल. भाकरी चुरून आमटीत कालवावी, बुक्कीने फोडलेला कांदा बाजूला असावा. चमचा मागणाऱ्यास चमचा द्यावा, पण पुन्हा बोलावू नये.

९. तक्रार निवारण

"बरी झालीय, पण आईच्या हाताची चव नाही," हा अभिप्राय दरवेळी येईल. तो पूर्वी आईलाही आलेला आहे, तिच्या सासूच्या नावाने. त्यावर अपील नाही. इतर तक्रारी तोंडी स्वीकारल्या जातील. मात्र तक्रारदाराने आपले वाडगे रिकामे करून ते सोबत आणणे बंधनकारक आहे. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यास तक्रार मागे घेतली, असे समजण्यात येईल.