आलं का?

भारतातला पहिला बातमीचा कॅमेरामन मराठी होता, आणि त्याने टिपलेली मोठी बातमी होती एका हुशार विद्यार्थ्याची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. १८९६च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ती पाहून या फोटोग्राफर गृहस्थांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन 'रँग्लर' ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१च्या डिसेंबरात मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. देशातलं पहिलं वृत्तचित्रण म्हणून आज ते ओळखलं जातं. त्यानंतरच्या काळात घरोघरच्या आयांनी मुलांना 'रँग्लर हो' म्हणून सांगितलं. 'रँग्लरचं शूटिंग करणारा हो' असं एकाही आईने सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या आईनेही सांगितलं नाही. तिची अपेक्षा माफक होती. गणितात पास हो, एवढीच.

तरीही मी बातम्यांचा कॅमेरा खांद्यावर घेतला. आता पत्रकारितेच्या वर्गात कधी बोलायला बोलावलं, की पहिल्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, 'सर, या क्षेत्रात यायची प्रेरणा काय?' सिनेमाचे छायालेखक या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर देतात. त्यांच्या लहानपणी दुपारची एक अंधारी खोली असते, दाराला एक बारीक भोक असतं आणि त्यातून रस्त्यावरची माणसं भिंतीवर उलटी चालताना दिसतात. तिथेच त्यांचं ठरून जातं. आमच्या खटाव तालुक्यातल्या घराच्या दाराला फटी इतक्या होत्या, की चित्र उमटायला लागणारा अंधार घरात कधी जमलाच नाही. शिवाय लहानपणी मला प्रेरणा कुणी दिली नाही. कामं मात्र भरपूर सांगितली.

त्यातलं पहिलं काम अँटेना धरण्याचं. १९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. गावात टीव्ही मोजक्या घरांत, त्यांतलं एक आमच्या तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं. रविवारी सकाळी टीव्हीला हार घालायचा, उदबत्ती लावायची, चपला सोप्याच्या बाहेर काढायच्या आणि बसायचं. पण राम दिसायचा तो अँटेनाच्या मर्जीने, आणि अँटेना होती माळवदावर. वारा सुटला किंवा कावळा बसला, की एका रामाचे तीन राम होत. मग घरातला सर्वांत हलका आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा माणूस वर पाठवला जाई. तो मी.

"आलं का?"

"न्हाई! अजून फिरव!"

"आता?"

"आलं, आलं! थांब तसाच! ...गेलं की रं!"

पुढे शोध लागला, की नुसता पाइप फिरवून भागत नाही. मी पाइपला धरून उभा राहिलो की चित्र स्वच्छ येतं, सोडला की पडद्यावर मुंग्या. झालं. मी त्या यंत्रणेचा एक सुटा भाग झालो. सगळ्या गावाने लंका जळताना पाहिली. मी ती माळवदाच्या झरोक्यातून ऐकली. हनुमान अशोकवनात पोचल्याचं मला खालच्या बायकांच्या हुंदक्यांवरून कळलं.

१९९१च्या मे महिन्यात राजीव गांधींची अंत्ययात्रा थेट दाखवली, तेव्हाही माझी नेमणूक तिथेच होती. खाली सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वरून विचारलं, "आलं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. पाइप उन्हाने असा तापलेला, की आलटून पालटून हात बदलावे लागत. बराच वेळाने लक्षात आलं, की चित्र आलं होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. मग मीही विचारायचं सोडलं आणि धरून राहिलो.

नोकरीत वेगळं काय केलं? आता पाठीवर एक पिशवी असते. तिच्यातलं यंत्र अनेक सिमकार्डांवर चित्राची वाटणी करून ते मुंबईला पोचवतं. घाटात दरड कोसळलेली असते, रेंज येऊन-जाऊन असते, मी पिशवी डोक्यावर धरून कठड्यावर चढलेला असतो आणि कानात पीसीआरमधली, म्हणजे वाहिनीच्या नियंत्रण कक्षातली, मुलगी सांगत असते, "आलं, आलं... सर, फ्रीज झालं... आता आलं, तिथेच थांबा." राज्याला दरड दिसते. मला दिसतो तिचा तेवढाच तुकडा, जेवढा फ्रेममध्ये मावतो. वाहतूक कुठून वळवली, पालकमंत्री काय म्हणाले, हे सगळं मला घरून बायकोचा फोन येतो तेव्हा कळतं. तिने टीव्हीवर पाहिलेलं असतं.

दुसरं शिक्षण कुस्तीच्या फडात झालं. सावेदादांनीही परांजप्यांच्या आधी, १८९९मध्ये, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीच टिपली होती, हे मला कॅमेरा हातात आल्यावर कळलं आणि उगाच नातं जुळल्यासारखं वाटलं. आमचा फड म्हणजे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. मी अंगाने किरकोळ, उंचीने त्याहून किरकोळ. पुढे तालमीतली पोरं, मागे फेटेवाले, आणि मला दिसायच्या फक्त पाठी. अप्पा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर घेत, पण एक कुस्ती झाली की "बास, मान गेली" म्हणून उतरवत. मग मी भिंतीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, कुणाच्या तरी बैलगाडीच्या जुवावर अशा जागा शोधू लागलो. कुठून दिसेल, कुठून हाकलणार नाहीत आणि कुठून पटकन उतरता येईल, हे तीन हिशेब एका नजरेत करायची सवय लागली. बातमीच्या कॅमेऱ्याचं निम्मं काम एवढंच असतं. बाकीचं निम्मं काम म्हणजे तिथे टिकून राहणं, कारण तीच जागा दुसऱ्या वाहिनीच्या माणसालाही दिसलेली असते आणि त्याचं लहानपणही अशाच कुठल्या तरी फडात गेलेलं असतं.

पण उंचावर चढून मी पाहायचो काय? कुस्ती नव्हे. हलगीचा ठेका वाढला, की डाव निकालावर आला हे कानांना कळायचंच. त्या क्षणी मला माणसं पाहायची असत. आखाड्यात दोघे लढत आणि भोवती हजारभर खांदे तोच डाव जागच्या जागी मारत. एक म्हातारबाबा तर शेजाऱ्याच्या मानेला हात घालून बसले होते, शेजारीही तसाच रंगलेला, दोघांनाही पत्ता नाही. घरी आल्यावर तात्या विचारत, कोण जिंकलं? मला सांगता येत नसे. कुणाचं धोतर सुटलं, ते मात्र सांगता येई. तात्यांच्या मते हे पोरगं वाया जाणार होतं.

आमच्या धंद्यात याला कटअवे म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. पुढाऱ्याचं भाषण पाऊण तासाचं असलं तरी बातमीत त्याच्या वाट्याला वीसेक सेकंद येतात. दोन टोकांची वाक्यं जोडली, की पुढाऱ्याची मान डावीकडून उजवीकडे एकदम उडी मारते. ती उडी झाकायला मध्ये श्रोत्यांचा शॉट लागतो. म्हणून भाषण रंगात आलं, की कॅमेरामन व्यासपीठाकडे पाठ फिरवून गर्दी टिपताना दिसतो. नवखे पुढारी यावर नाराज होतात. मुरलेले त्या वेळात पाणी पिऊन घेतात. माझ्या मते सभेची खरी बातमी त्या गर्दीतच असते, पण एडिटच्या टेबलावर झोपलेला श्रोता कापला जातो आणि टाळ्या वाजवणारा राहतो. एकच माणूस आधी टाळ्या वाजवून नंतर झोपलेला मी पुष्कळदा दिला आहे. त्याचा पहिला अर्धाच नेहमी लागला.

पांढरा रंग मला आईने शिकवला. ती अप्पांची धोतरं आणि टोप्या धुवायची, शेवटच्या पाण्यात नीळ घालायची आणि दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांकडे लांबून डोळे बारीक करून बघायची. "हे पांढरं न्हवं, हे पिवळं. ही टोपी निळी झाली." मला सगळंच पांढरं दिसायचं. ती मला बाजूला उभं करून म्हणायची, "सावलीत बघ. आता उन्हात बघ. हाय का एक?" नव्हतं. उन्हातला पांढरा वेगळा, ट्यूबलाइटखालचा वेगळा, कंदिलाखालचा तर पांढराच नव्हे. आपला डोळा ही तफावत गुपचूप सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ती सांगावी लागते. त्यासाठी शूटिंगआधी त्याला कोरा कागद दाखवतात, त्याला म्हणतात व्हाइट बॅलन्स. धावपळीत कागद नसतो, मग समोरच्या कुणाची तरी टोपी किंवा सदरा चालवून घेतात. आमच्यातले जुने लोक बजावून सांगत, पुढाऱ्याच्या खादीवर व्हाइट बॅलन्स करू नका. त्या खादीत नीळ जास्त असते. निळसर कपड्याला कॅमेरा पांढरं समजला, की तो बाकीच्या जगाला पिवळं करून टाकतो. हे भौतिकशास्त्र झालं. त्यातून कुणी राजकीय अर्थ काढला, तर त्याला माझा इलाज नाही.

आणि मग लग्नं. नव्वदीच्या सुरुवातीला लग्नाची कॅसेट काढणं हे हुंड्याइतकंच प्रतिष्ठेचं होऊन बसलं होतं. साताऱ्याहून एक शूटिंगवाले अण्णा येत, पॅनासॉनिकचा भला थोरला व्हीएचएस कॅमेरा घेऊन. त्यांना लाइट धरायला पोरगा हवा असे. अँटेना धरण्याचा माझा अनुभव लक्षात घेऊन माझं नाव सुचवण्यात आलं. काम सोपं, अण्णांच्या डाव्या खांद्यामागे उभं राहून तो रणरणता दिवा नवऱ्या मुलीच्या तोंडावर मारायचा. मेमधल्या लग्नात आधीच घामाने पुसट झालेलं तिचं कुंकू माझ्या दिव्याने आणखी पुसट होई. वरमाई डोळ्यांवर हात धरत आणि त्याच दमात म्हणत, "आमच्या अंगाबी मार की लाइट, का आमी पाव्हणं न्हवं?"

अण्णा फारसं बोलत नसत. शॉट लावला की मनात दहा आकडे मोजायचे, मगच हलायचं. कॅमेरा फिरवताना श्वास सोडत फिरवायचा, घेताना नाही. एक डोळा व्ह्यूफाइंडरला लावला तरी दुसरा मिटायचा नाही, नाही तर मागून जिलबीचं ताट येतं. तिसरी गोष्ट मला आधीच येत होती. गोट्या खेळताना एक डोळा गलीवर आणि दुसरा वळणावर दिसणाऱ्या अप्पांच्या सायकलवर, हे कौशल्य गावातल्या प्रत्येक पोराकडे होतं. मंगलाष्टकं संपत, सगळ्यांचे हात वर होत, अक्षता पडत. माझ्या एका हातात दिवा, दुसऱ्यात वायर. इतक्या लग्नांना उभा राहिलो, पण अक्षता टाकणं जमलं नाही. माझ्या केसांतून निघत तेवढ्याच माझ्या. कॅसेटमध्ये मात्र वधू-वर फुलाच्या पाकळीतून गोल फिरत बाहेर येत आणि गाव थक्क होऊन जाई.

अण्णांच्या ओळखीने पुढे शहरात गेलो. खरं सांगायचं, तर तिथेही काही दिवस वायरच धरली. तिथल्या चहाच्या टपरीवर दूरदर्शनचे निवृत्त कॅमेरामन भेटत. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई केंद्र सुरू झालं, त्या सुमारास बातम्या सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर टिपत. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपायचं, त्यामुळे आधी विचार आणि मग बटण, असा क्रम होता. नंतर यूमॅटिक आलं. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डर दुसऱ्याच्या, मध्ये केबल. लाठीमार झाला तर दोघांनी एकाच दिशेला पळायचं हे आधी ठरवून घ्यावं लागे. बीटाकॅमने दोन्ही यंत्रं एकत्र केली आणि सगळं वजन एकाच खांद्यावर आलं. २००७मध्ये मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या तोवर कॅमेरे हलके झाले होते, पण रिकामा वेळ संपला होता. पावणेतीन मिनिटांचं रीळ पुरवून वापरणारे ते म्हातारे आम्हाला विचारत, "दिवसभर चालूच ठेवता? मग बघता कधी?"

बघायचं राहतं ते वारीत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण फलटण तालुक्यात चांदोबाचा लिंब इथे होतं. घोडा कुठून येईल हे सगळ्यांना माहीत, तरी तो येतो तेव्हा कुणीच तयार नसतं. लाखभर माणसं हात जोडतात, टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, आणि त्यात आमची ओळ तेवढी एक डोळा मिटल्यासारखी ताठ उभी. एकदा शेजारच्या आजींनी घोडा यायच्या आधी विचारलं, "माउली, ह्यातनं लांबचं दिसतं का जवळचं?"

"दोन्ही दिसतं, आजी."

"मग एक काय ते ठरव की. दोन्हीकडं बघणाऱ्याचं काय खरं न्हाई."

घोडा आला तेव्हा मी तो झूम करून दाखवला. त्यांना तो काही पसंत पडला नाही. "पायच दिसंनात की," म्हणाल्या.

आई आता थकली आहे. टीव्ही रंगीत आहे, डिशवर चालतो, माळवदावर कुणाला चढावं लागत नाही. पूर्वी बातमी संपताना वार्ताहर 'कॅमेरामन अमुकसह मी तमुक' असं म्हणत. सकाळपासून ती बातम्या लावून बसायची, पूर आला काय नि सरकार पडलं काय, तिचं लक्ष त्या शेवटच्या वाक्याकडे. शेजारणी म्हणायच्या, तुमचा मुलगा टीव्हीत आहे म्हणता, पण दिसत तर नाही कधी. ती सांगायची, थांबा, आता नाव येईल. थेट प्रक्षेपणाच्या गडबडीत ते वाक्यही हल्ली क्वचित येतं. मागच्या पावसाळ्यात कोयनेच्या बातमीत आलं, तर रात्री तिचा फोन.

"तुझं नाव घेतलं आज."

"ऐकलंस?"

"ऐकलं, पण तुझ्यासंगं ती पोरगी असती ना, तिला सांग, धरणातल्या पाण्याचे आकडे एवढं सावकाश सांगतीस, मग माझ्या पोराच्या नावालाच कशाला पळतीस?"