व्युत्पत्तीकाका

मीरा रोडच्या सोसायटीत एक सेक्रेटरी, चार थकबाकीदार आणि एक व्युत्पत्तीकाका असतोच. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. सदऱ्याच्या खिशात अर्धी पेन्सिल, कारण शब्द कधी सापडेल सांगता येत नाही.

परवाच्या सभेत विषय होता मागच्या तारेच्या कुंपणाचा. पलीकडे तिवरं, त्यामागे खाडी. खाऱ्या वाऱ्याने तार अशी गंजलीय की बोट लावलं की भुगा. चेअरमन म्हणाले, ‘‘फेन्सिंगचं कोटेशन आलंय.’’

काका उठले. ‘‘आधी फेन्सिंग म्हणजे काय ते बघू. मूळ शब्द डिफेन्स. इंग्रजांनी त्याचं मुंडकं उडवलं, धड उरलं ते फेन्स. चौदाव्या शतकात अर्थ एवढाच, बचाव. वार अडवणं हाही बचावच, म्हणून तलवारबाजीसुद्धा फेन्सिंग. आपली भवानी देवी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सेबर घेऊन उतरली, हा मान मिळवणारी पहिली भारतीय. सेबरमध्ये कमरेखाली वार चालत नाही.’’

‘‘आमच्या सभेत चालतो,’’ कुणीतरी पुटपुटलं.

काकांनी ऐकलं नाही. बचावावरून ते चौकला, धारावी किल्ल्यावर पोचले होते. १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम, चिमाजी अप्पा... चेअरमननी घड्याळ पाहिलं. ‘‘काका, कोटेशन!’’

तेवढ्यात वॉचमन दारात आला. ‘‘साहब, पुरानी तार रात को कोई काट के ले गया. भंगारवाले के यहाँ दिखी.’’

सभा हळहळली. काकांचा चेहरा मात्र नातू झाल्यासारखा फुलला. ‘‘अहो, चोरीचा माल घेणाऱ्यालाही इंग्रजीत फेन्सच म्हणतात! आपली फेन्स फेन्सकडे गेली!’’ पेन्सिल बाहेर आली, कोटेशनची पाठ भरली. पुढच्या बाजूला कंत्राटदाराने ‘फॅन्सिंग’ लिहिलं होतं, तेही काकांनी सुधारलं. रक्कम कुणी वाचलीच नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

कुंपण अजून नाही. सकाळी सहाला मी बाल्कनीतून बघतो. दुधाची पिशवी हलवत, मागच्या भगदाडातून शॉर्टकट मारत काका घरी येत असतात. गंजलेल्या खांबापाशी क्षणभर थांबतात, सदऱ्याची बाही अडकू नये म्हणून.