गोलाईच्या गावात चौकटींचं थैमान

ऐकलंत का? लातूरला म्हणे आता गणिताची सिद्धता कुणी साधी ठेवतच नाही! गंजगोलाईचं गाव ते, सोळा रस्ते येऊन गोलाला मिळतात, आणि तिथल्या लेकरांना वेड कशाचं, तर चौकटीचं. नांदेडही मागं नाही बरं. श्यामनगरात झेरॉक्सला उभी होते, तर पुढ्यात एका पोराच्या नोट्सचा गठ्ठा. पक्षाला निळी चौकट, साध्याला लाल, पायरीपायरीला पिवळी, आणि नुसत्या 'म्हणून'ला, बया, वेगळी हिरवी! लग्नपत्रिका बरी. "काय करायलास रे हे?" म्हटलं, तर पोरगं म्हणतं, "काकू, लेटेकमध्ये एका आज्ञेत होतंय."

होतंय म्हणून करायचं? लेटेक म्हणजे गणिताची पानं जुळवायची संगणक-प्रणाली, आणि तिच्या पोटात बसलंय संगणकशास्त्रज्ञ क्नूथचं 1978 चं टेक. त्याच्या हिशेबी प्रत्येक अक्षर म्हणजे आधीच एक चौकट; अक्षरं जोडून ओळ, ओळी रचून पान. बिचारं रेघा तेवढ्या दाखवत नाही. आमच्या मंडळींनी झाकलेलं सगळं चव्हाट्यावर आणलं! त्यात साधी चौकट दोन पानांत तुटत नाही. तळाशी मावली नाही की अख्खी पुढच्या पानावर, मागं अर्धं पान कोरं. झेरॉक्सवाल्याची चंगळ.

सिद्धतेत खानदानी चौकटीही असतात, नाही कोण म्हणतं? पोलंडच्या तर्कशास्त्रज्ञ याश्कोव्स्कीनं काढलेल्या. त्याचा निबंध 1934 चा. 'समजा, प खरे' म्हटलं की चौकट उघडायची. आत तर्क करत 'फ'पर्यंत पोचलं की ती मिटायची आणि बाहेर एकच गोष्ट सांगायची: प असेल तर फ. बाहेरचं आत चालतं, आतलं बाहेर न्यायचं नाही. एवढा पडदा आमच्या गल्लीत कुणी पाळेल तर शपथ! चौकटीत चौकट चालते, पण एकीनं दुसरीला छेदायचं नाही. त्या गठ्ठ्यात तर लाल चौकट पिवळीच्या अर्ध्या अंगावर चढलेली. गृहीतक कुठं संपलं म्हणून विचारलं, तर पोरगं माझ्याच तोंडाकडं बघायलंय.

त्याला तरी किती बोलायचं? दहावीच्या भूमितीत 'कृती पूर्ण करा' म्हणत बोर्डच सिद्धतेत चौकटी छापतं. त्या मात्र रिकाम्या असतात, आणि बरोबर भरल्या तरच गुण मिळतात.