अमेरिकेतलं घर आणि गोरोबाकाकांचं थापटणं

एडिसन, न्यू जर्सी

ती. आप्पांस व सौ. आईस,


घर पसंत पडलं. आईचा पहिला प्रश्न माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो: दार पूर्वेला आहे. मोबाइलवर होकायंत्र लावून मीच बघितलं, कारण घर तपासायला आणलेल्या माणसाच्या चाळीस पानी अहवालात दिशेचा उल्लेखच नाही.

होय आप्पा, इथं घर घेण्याआधी ते तपासायला पैसे मोजून माणूस आणतात. होम इन्स्पेक्टर. फी साडेपाचशे डॉलर. (रुपयांत किती, ते आईला सांगू नका.) एजंट म्हणाला, "माझा माणूस आहे, उद्याच पाठवतो." पण सौदा झाला तरच ज्याची दलाली सुटते, त्याचा माणूस खोट कशाला काढेल? आम्ही आमचा शोधला. या राज्यात त्याला सरकारी परवाना लागतो. तो तपासला, विमा आहे का ते विचारलं आणि त्यानं आधी केलेला एक अहवाल मागून वाचला. दुसरा एक जण "दुरुस्तीही मीच करून देतो" म्हणाला. त्याला फोनवरच रामराम.

हा गृहस्थ शिडी लावून छपरावर गेला, पोटमाळ्यात रांगला, सगळे नळ सोडून बसला, विजेचं पॅनेल उघडलं. मागच्या खिडकीची रंगवलेली चौकट चांगली तुकतुकीत होती. त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला तर बोटभर आत गेला. मग तो भिंतीवर टकटक करायला लागला आणि मला संत गोरोबाकाका कुंभार आठवले. आपल्या गावच्या संत नामदेवांचं डोकं थापटण्यानं वाजवून त्यांनी मडकं कच्चं ठरवलं होतं ना! मी विचारलं, "मग, घर पक्कं की कच्चं?" तो म्हणाला, "पास-नापास माझं काम नाही. दिसलं ते लिहितो." म्हणजे गोरोबाकाका या धंद्यात टिकले नसते.

आणि दिसलं तेवढंच. भिंतीच्या आत, जमिनीच्या खाली तो बघत नाही. वाळवीचा माणूस वेगळा, गटाराच्या पाइपात कॅमेरा घालणारा वेगळा. इकडे पूर्वी घर गरम करायचं तेल अंगणात टाकी पुरून साठवत. ती गळकी निघाली तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात येतो. म्हणून ती शोधणारा आणखी वेगळा. शिवाय रेडॉन: जमिनीतून घरात शिरणारा वायू, ना वास ना रंग, पण फुप्फुसाच्या कॅन्सरला सिगारेटीखालोखाल कारण. दारं-खिडक्या बंद करून दोन दिवस तळघरात एक डबी ठेवतात. लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा जास्त आलं, तर पाइप आणि पंखा लावून वायू बाहेर काढायचा. आमचं 5.2 आलं. पंखा घर विकणाऱ्याच्या खर्चानं बसतोय, ही सुनबाईंची कामगिरी.

पायाच्या भिंतीत केसाएवढा उभा तडा आहे, "लक्ष ठेवा" असं लिहिलंय. भेगाळणाऱ्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे काय सांगायचं! पण आप्पा, 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला हादरे बसले, तेव्हा माजघरात गेलेला तडा तुम्ही गिलावा मारून झाकलात. तो खरडा आणि हिंगोलीहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. फी मी पाठवतो. गवंडीमामा रुसतील; त्यांना सांगा, पोरगं अमेरिकेत जाऊन बिघडलं.

वास्तुशांतीला यायचंच आहे. आईनं घरची हळद आणावी.

आपला,
बंडू